चाल कोणाची?

लालबाग म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे गणपती उभा राहतो. शिक्षणासाठी मी मुंबईस गेलो तेव्हा 'मी लालबागचा' असे सांगताच समोरचा मनुष्य हटकून विचारी, 'म्हणजे राजाच्या शेजारचे का तुम्ही?' मग मला आमच्या लालबागेचा सगळा भूगोल सांगावा लागे : तापीकाठचे बऱ्हाणपूर, त्याचे शहराबाहेरचे रेल्वेस्टेशन, स्टेशनाभोवतीची वस्ती, कापडगिरणी, आणि पलीकडे खानखानानाच्या काळातील कुंडी भंडारा. दोन्ही लालबागांत एक साम्य मात्र होते. दोन्हीकडे गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसे राहत आणि त्यांतली बरीचशी मराठी बोलत. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, त्यांतलेच एक.

आजोबा विणकाम खात्यात होते. मागांच्या खडखडाटात चाळीस वर्षे काढल्यामुळे त्यांना थोडे कमी ऐकू येई. आणि गंमत अशी की, लग्नसराई आली म्हणजे हाच मनुष्य तांबडा कोट अंगावर चढवून, पितळी गुंड्या लावून, बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवावयास जाई. दोन क्लॅरिनेट, दोन ट्रंपेट, एक मोठा भोंगा, एक ताशा आणि एक पोटावर बांधावयाचा ढोल, एवढाच त्यांचा संसार. रात्रपाळी संपवून आलेली माणसे सायंकाळी वरातीत चालत. पैसे थोडे मिळत, पण जेवण चांगले मिळे. आणि बऱ्हाणपूरची मावाजिलेबी ज्याने लग्नाच्या पंगतीत खाल्ली आहे, त्याला ह्या मोबदल्याची किंमत मी सांगावयास नको.

माझ्या आठवणीतले आजोबा निवृत्त झालेले आहेत. तांबडा कोट ट्रंकेत गेलेला. क्लॅरिनेट मात्र भिंतीवरच्या फळीवर, काळ्या पेटीत. उन्हे उतरली की ते पेटी उघडत, वेताची पत्ती जिभेवर ओली करीत आणि एकच गाणे वाजवीत. १९५० सालच्या 'समाधी' चित्रपटातील, सी. रामचंद्रांनी संगीत दिलेले, 'गोरे गोरे'. मुखडा झाला की एका स्वरावर ते श्वास धरून राहत आणि मग घसरगुंडीवरून मूल घसरावे तसे खाली येत. खाली येता येता मध्येच एकदा अडखळल्यासारखे करीत आणि नेमके ढोलाच्या ठोक्यावर उतरत. ढोल अर्थातच मी. उलट्या डब्यावर तो ठोका देणे हे माझ्या बालपणातले मोठे जबाबदारीचे काम होते.

मी दहावीत होतो तेव्हाची, म्हणजे २००९ सालची, गोष्ट. स्टेशनाजवळच्या एका दुकानात तासावर संगणक मिळत असे. तेथे एका मित्राने मला एका जुन्या अमेरिकन चित्रपटातील गाणे दाखविले. चित्रपट १९४५ सालचा, 'डॉल फेस'. गाणारी कार्मेन मिरांडा, डोक्यावर भलेमोठे शिरोभूषण. आणि गाणे 'चिको चिको'. पहिली ओळ ऐकताच मी उडालो. ही तर आजोबांची चाल!

त्या वयात सत्य सापडले की ते कोणाच्या तरी अंगावर फेकल्याखेरीज चैन पडत नाही. मी धावत घरी आलो. आजोबा क्लॅरिनेट पुसत बसले होते. मी म्हणालो, "आजोबा, तुमचे गाणे चोरीचे आहे. अमेरिकेच्या सिनेमातून उचललेले. मी डोळ्यांनी पाहून आलो."

त्यांना नीट ऐकू आले नाही. म्हणून मी तेच पुन्हा, मोठ्याने सांगितले. शेजारच्या घरातही ऐकू गेले असावे.

"असे का?" एवढेच ते म्हणाले. मग हसून, "म्हणजे इतकी वर्षे आम्ही चोराच्या वरातीत वाजवीत होतो म्हणावयाचे." त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे सोडवून एकेक पेटीत ठेवले आणि झाकण लावले. त्यानंतर भजनाच्या चाली त्यांनी अधूनमधून वाजविल्या. पण ते गाणे माझ्यासमोर पुन्हा वाजविले नाही. मीही कधी विचारले नाही. माझे म्हणणे खरे होते ना? मग चुकले कोठे, असे मला वाटे.

पुढे मुंबईस नोकरी लागली. एका सायंकाळी एका सहकाऱ्याने मला जवळजवळ ओढतच एका छोट्या सभागृहात नेले. जाझ संगीताचा कार्यक्रम होता. जाझ म्हणजे हॉटेलात जेवताना मागे चालणारा काहीतरी गोंधळ, ही माझी समजूत. व्यासपीठावर माणसे फक्त चार : पियानो, सॅक्सोफोन, माणसाएवढे उंच व्हायोलिन असावे तसे डबल बास, आणि ड्रम. पूर्वार्धात त्यांनी स्वतःच्या रचना वाजविल्या. एक रचना लोकलच्या प्रवासावर आहे असे पियानोवाल्याने सांगितले, आणि खरोखरच बासवाल्याने रुळांचे सांधे मोजावेत तसा ठेका धरला. ती ऐकताना मला माझ्या कामावरच्या गाडीची नव्हे, रात्री आमच्या स्टेशनावरून न थांबता जाणाऱ्या मेलची आठवण झाली.

उत्तरार्धात त्यांनी जुनी, सर्वांच्या परिचयाची गाणी घेतली. अशा गाण्यांना त्या लोकांत 'स्टँडर्ड' म्हणतात. 'समरटाइम' हे त्यांतले एक. जॉर्ज गर्श्विनने आपल्या १९३५ सालच्या 'पोर्गी अँड बेस' ह्या संगीतिकेसाठी रचलेले हे अंगाईगीत. चौघांनी ते सात मात्रांत बांधले होते. मी बोटांवर मोजू लागलो. आपला रूपकच की! सॅक्सोफोनने मुखडा एकदाच सरळ म्हटला. मग तो त्याच्याभोवती फिरू लागला, दूर गेला, इतका दूर गेला की मूळ गाणे हरवले असे वाटावे. आणि मग एकाएकी चौघेही एका क्षणी मुखड्यावर येऊन उतरले. तेथे, त्या गार सभागृहात, माझा उजवा हात आपोआप गुडघ्यावर ठोका देऊन गेला. उलट्या डब्यावर देत असे तोच.

त्या रात्रीपासून मला ह्या संगीताचे वेड लागले. ज्यांना त्याची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. आपल्याकडे ख्यालाची बंदिश केवढी असते? अस्थाईच्या दोन ओळी, अंतऱ्याच्या दोन. पण गवई तिच्यावर तासभर गातो. जाझचे स्टँडर्डही तसेच. बहुतेक गाण्यांचा आराखडा ३२ मापांचा. आठाआठांचे चार तुकडे, त्यांत तिसरा वेगळा आणि बाकीचे तीन सारखे. ह्या आराखड्याखाली स्वरसंगतींची एक साखळी ठरलेली असते आणि ती तालाच्या आवर्तनासारखी पुन्हा पुन्हा फिरत राहते. चाल एकदा वाजवून झाली की प्रत्येक वादक त्या फिरत्या साखळीवर त्या क्षणी सुचेल ते रचतो. कोलमन हॉकिन्स नावाच्या सॅक्सोफोनवादकाने १९३९ साली 'बॉडी अँड सोल' ह्या गाण्याची तबकडी काढली. तीत मूळ चाल सुरुवातीपुरती दिसते न दिसते, बाकी सर्व हॉकिन्सचे. जॉन कोल्ट्रेनने तर १९६० साली रंगभूमीवरचे एक साधे, मुलांच्या तोंडी शोभणारे गाणे घेतले, 'माय फेवरिट थिंग्ज', आणि चौघांच्या मेळात ते जवळजवळ चौदा मिनिटे वाजविले. मूळ गाणे तीनएक मिनिटांचे. उरलेली मिनिटे कोठून आली? ह्याच कोल्ट्रेनला आपल्या संगीताची एवढी ओढ होती की, १९६५ साली झालेल्या मुलाचे नाव त्याने पंडित रविशंकरांवरून रवि असे ठेवले.

तबकडीवर मात्र मूळ रचनाकाराचे नाव असते. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आणि त्यासाठी अमेरिकेस जाण्याचेही कारण नाही. आपल्या संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तके कोणी पाहिली असतील, तर पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द छापून पुढे कोणत्या पदाची, ठुमरीची किंवा लावणीची ती चाल आहे ते दिलेले आढळते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या 'शाकुंतला'पासून ही पद्धत रूढ. १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी घराणेदार बंदिशींवरून पदे बांधली. त्यांना कोणी चोर म्हटले नाही. घेतले ते सांगून घेतले आणि घेतल्यावर त्यात आपले असे काही घातले.

मग 'गोरे गोरे'चे काय? चाल बाहेरची होती आणि तशी कबुली द्यावयास हवी होती, असे माझे आजही मत आहे. पण त्या काळी तबकडीवर कोणाकोणाचे नाव नसे, हे कळल्यावर माझा आवाज थोडा खाली आला. १९४९ च्या 'महल'च्या तबकडीवर गाणारी म्हणून लता मंगेशकरांचे नाव नव्हते. चित्रपटातल्या पात्राचे होते, 'कामिनी'! जेथे गाणारीची ही कथा, तेथे मागे वाजविणाऱ्यांना कोण विचारतो?

आणि मागे वाजविणारे होते कोण? येथे मला एक गोमंतकीय मनुष्य भेटला. अर्थात पुस्तकांतून आणि तबकड्यांतून. अंतोनियो झेवियर वाझ. बार्देशातील हळदोण्याचा, जन्म १९१६ चा. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत. ट्रंपेट वाजवी, आणि लुई आर्मस्ट्राँगचा इतका भक्त की त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणत. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि वाद्ये शिकवीत. त्या शाळांतून तयार झालेली मुले पोटासाठी मुंबईस आली. १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा अमेरिकेतील कृष्णवर्णी कलावंत आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, आणि गोमंतकीय वादकांनी खरे जाझ समोरासमोर ऐकले. थोड्याच वर्षांत ते स्वतःच वाजवू लागले. रात्री हॉटेलात जाझ आणि दिवसा चित्रपटाच्या स्टुडिओत रोजावर काम, असा त्यांचा क्रम.

पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांना, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांना, चिक चॉकलेट भेटला आणि हिंदी गाण्याचा चेहरा बदलला. १९५१ च्या 'अलबेला'त चिकचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. ज्यांनी तो चित्रपट काढला ते भगवानदादा पालव गिरणीकामगाराचे चिरंजीव, स्वतःही काही काळ गिरणीत काम केलेले. हळदोण्याचा ट्रंपेट, पुणतांब्याची पेटी आणि मुंबईच्या गिरणगावातले पाय. ह्या तिघांनी मिळून अमेरिकेचे नृत्यसंगीत असे काही नाचविले की बऱ्हाणपूरच्या लालबागेतला एक पोरसवदा मुलगा रेडिओला कान लावून बसू लागला. तो पुढे माझा आजोबा झाला.

चिक चॉकलेटला एकदोन चित्रपटांचे स्वतंत्र संगीत मिळाले. १९५१ चा 'नादान' त्यांपैकी एक. पण तो अपवाद. त्याच्या बरोबरीचे सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी इतरांच्या चालींना किती वाद्यमेळ रचून दिले त्याची मोजदाद नाही. गोन्साल्विसांचे नाव देशभर झाले ते १९७७ साली, 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी गुरूचे नाव असे गाण्यात गोवले. लोकांना मात्र ते नाव काल्पनिकच वाटले! चिक चॉकलेट त्यापूर्वीच, १९६७ साली, निवर्तला होता.

हे सर्व वाचत असताना एका रविवारी मी 'गोरे गोरे' पुन्हा लावले, कान देऊन. अकरा वर्षांनी. लताबाई आणि अमीरबाई कर्नाटकी गात होत्या. मुखडा संपला. मी श्वास धरला आणि घसरगुंडीची वाट पाहू लागलो.

घसरगुंडी आलीच नाही.

पुन्हा लावले. दुसरे कडवे ऐकले, तिसरे ऐकले. मग कार्मेन मिरांडाचे ऐकले. तेथेही नाही. तो धरलेला स्वर, ते घसरणे, मधले अडखळणे, ठोक्यावरचे उतरणे. मी ज्याला 'गाणे' समजत होतो, ज्याच्यासाठी उलटा डबा घेऊन बसत होतो, ते ना अमेरिकेच्या गाण्यात होते ना मुंबईच्या. ते फक्त लालबागेत होते, काळ्या पेटीत. आणि पेटीचे झाकण मीच बंद करविले होते.

दिवाळीस घरी आलो तो हेच मनात घेऊन. आजोबांनी ऐंशी ओलांडली आहेत. ऐकू येणे आणखी कमी झाले आहे आणि पुढचे दात गेले आहेत. ज्यांनी क्लॅरिनेट वाजविले आहे त्यांना ठाऊक असेल की वाद्याचे तोंड वरच्या दातांवर टेकवावे लागते. दात गेले की वाद्य गेले. मी पेटी खाली काढली. चाव्यांखालच्या गाद्या वाळून कडक झाल्या होत्या, एक तर उचलताच गळून पडली. मनात आणलेले वाक्य मला काही बोलता येईना. क्षमा मागणे हे शाळेच्या निबंधात सोपे असते.

मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारले, "आजोबा, मुखड्यानंतर तुम्ही एक वळण घेत होता. ते कोठले?"

"कोणते वळण?"

"तो लांब स्वर धरून खाली यावयाचे ते. गाण्यात ते नाही."

ते विचारात पडले. "नसेल. गाणे तेवढेच असते रे, वरात लांब असते. चौकात आली की हलावयास तयार नाही. नाचणारी पोरे हटत नाहीत, नवरदेवाचा घोडा पुढे जात नाही. तेच तेच किती वाजवावयाचे? मग काहीतरी करावे लागे."

काहीतरी! त्या चौघांनी सभागृहात केले ते हेच, आणि कोल्ट्रेनची उरलेली दहा मिनिटे आली तीही येथूनच. फरक एवढाच की, आजोबांसमोर घोडा अडलेला होता.

मी ते वळण गुणगुणून दाखविले. त्यांनी डोळे मिटले, कानामागे हात धरला. "शेवट चुकला," ते म्हणाले, आणि बोळक्या तोंडाने स्वतः म्हणून दाखविले. मी अकरा वर्षे जो शेवट मनात जपला होता तो अर्ध्या स्वराने चुकीचा निघाला. अडखळणेही एक नव्हते, दोन होती. आईने दिवाळीच्या फराळाचे ताट आणून ठेवले ते तसेच राहिले. तासाभरात आम्ही ते वळण वहीत सा-रे-ग-म मध्ये उतरविले. ठोका कोठे पडतो त्याची खूण मी स्वतः केली. तेवढे तरी मला बरोबर आठवत होते.

लिहून झाल्यावर मी ओळीच्या वर जुन्या नाटकांच्या पुस्तकांप्रमाणे 'चाल' असे लिहिले, आणि पुढे आजोबांचे नाव घालू लागलो. त्यांनी हात धरला.

"माझे नको. ते वळण माझे नव्हे. आमच्याकडे एक ट्रंपेटवाला येत असे, त्याचे. त्याने वाजविले की मी मागून उचलीत असे. तो येईनासा झाला, मग मी एकटाच वाजवू लागलो."

"नाव काय त्यांचे?"

आजोबा बराच वेळ भिंतीवरच्या फळीकडे पाहत राहिले. फळीवर पेटीच्या आकाराचा, धूळ न बसलेला चौकोन तेवढा दिसत होता.

"लग्नाच्या दिवशी रावेरहून गाडीने यावयाचा, रात्रीच्या गाडीने परत जावयाचा. नाव कधी विचारलेच नाही. आम्ही सारे त्याला रावेरवालाच म्हणत असू."

मी वहीत लिहिले : चाल – रावेरवाला. आजोबांनी वही डोळ्यांजवळ नेऊन ते वाचले, मान हलविली, आणि मला डबा आणावयास सांगितले.